नमुना सदोष, वगळला

पर्यावरणशास्त्र विभाग म्हणजे सांगलीतल्या आमच्या महाविद्यालयातली जिन्याखालची एक खोली, आणि तिला लागून पूर्वी सायकली ठेवायची एक शेड. शेडला भिंती घालून आम्ही तिची प्रयोगशाळा केली होती. मी एकतीस वर्षं शिकवलं, त्यातली शेवटची सतरा या शेडमध्ये गेली. आधीची चौदा वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही.

जून महिन्यात माझ्या दाराबाहेरच्या बाकावर पालक येऊन बसत आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असे. हे शिकून पोरगं करणार काय? कोरेगावकडचे एक निवृत्त सुभेदार मुलाला घेऊन आले होते. मी त्यांना अर्धा तास हवा, पाणी, माती, कायदे असं सगळं समजावलं. त्यांनी शिस्तीत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे झाडं लावायची नोकरी. आमच्या पलटणीनं लय झाडं लावली सर, पण त्याचा कवा कुणी कोर्स काढला न्हाई."

प्रवेश मात्र घेतला, कारण बाकीच्या ठिकाणच्या याद्या बंद झाल्या होत्या. आमच्याकडची निम्मी मुलं अशीच येत. हे हिणवून सांगत नाही. मीही रसायनशास्त्राकडे असाच आलो होतो.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. साखर कारखाना असो, दूध डेअरी असो, की कापड रंगवणारा लहानसा उद्योग असो, घाण पाणी बाहेर पडतंच. ते सोडण्याआधी शुद्ध करावं लागतं, आणि शुद्ध झालं की नाही हे रोज तपासून लिहून ठेवावं लागतं. तो तपासणारा आणि लिहिणारा माणूस आम्ही तयार करायचो. काही मुलं खासगी प्रयोगशाळांत जात, काही नगरपालिकेत कचऱ्याच्या कामावर, काही माण तालुक्याकडे पाणलोटाच्या कामाला. हुद्द्यांची नावं वेगवेगळी, काम एकच: जिथं घडतंय तिथं जायचं, जे आहे ते मोजायचं आणि जे मोजलं तेच लिहायचं. जाणं आणि मोजणं शिकवता येतं. लिहिण्याबद्दल पुढं सांगणारच आहे.

त्या सुभेदारांच्या मुलाची गोष्ट आधी सांगतो. एका डेअरीत मुलाखत होती. रुजू झाल्यावर पहिल्या दिवशी काय करशील, असं विचारलं. त्याच्या आधीच्या उमेदवारांनी कायद्यांची कलमं म्हणून दाखवली होती. हा म्हणाला, "आधी वायरमनला चहा पाजीन." समोरचे दोघे हसले. तिसरा हसला नाही; शुद्धीकरणाचा प्लँट चालवणारा तोच होता. त्यानं याला निवडलं. प्लँट कितीही चांगला असला तरी पाण्यात हवा सोडणारी मोटर बंद पडली की सगळं सडायला लागतं, आणि मोटर पदवीधराचं ऐकत नाही, वायरमनचं ऐकते. हे मी त्याला शिकवलेलं नव्हतं. नंतर विचारलं तर म्हणाला, वडील सांगतात, नव्या ठिकाणी बदली झाली की आधी लंगरवाल्याशी, म्हणजे तिथल्या स्वयंपाक्याशी, ओळख काढायची.

मुलं आमच्याकडे अशी अर्धी शिकूनच यायची. उरलेलं अर्धं कोण शिकवील याचा नेम नसे. एकदा सांगलीजवळच्या हळदीच्या गावांत आम्ही विहिरींचं पाणी तपासत होतो. एका जैन शेतकऱ्याच्या मळ्यात त्यांच्या आईंनी आम्हाला अडवलं. त्या घरात पाणी गाळून वापरायची रीत होती, आणि गाळलेल्या कापडावर जे सूक्ष्म जीव राहतात ते कापड उलटं धुऊन परत त्याच विहिरीत सोडायचे. आजींनी माझ्याकडे बघून विचारलं, "तुमच्या बाटलीत जे जीव येतील त्यांचं काय करता?"

मी म्हणालो, आजी, आम्ही त्यात आम्ल घालतो.

"मारता म्हणा की." मग वाटेतून बाजूला झाल्या. "न्या. पण एवढे जीव घालवून जे कळंल ते आम्हांला येऊन सांगायचं. उगा न्यायचं नाही."

आम्ही सांगायला गेलो नाही. अहवाल लिहिला, मुलांना गुण मिळाले, अहवाल कपाटात गेला. पुढच्या वर्षी दोन मुलींनी आपण होऊन तो बाहेर काढला, आजींच्या घरी जाऊन वाचून दाखवला आणि माझ्या टेबलासमोर येऊन म्हणाल्या की सर, हा नियमच करू. तेव्हापासून ज्याच्या विहिरीचं पाणी त्याला निकाल सांगायचा, असं विभागात ठरलं. लोक माझ्या त्या नियमाचं कौतुक करतात. तो माझा नव्हता.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला हलकंफुलकं लिहा असं सांगितलं होतं. इथपर्यंत तसं लिहिलं. आता वय चौऱ्याहत्तर आहे, आणि या व्यवसायाबद्दल लिहायला बसल्यावर एक गोष्ट वगळणं मला शक्य नाही. एकदा वगळण्याचाच अपराध केला आहे.

आमच्या शेडमध्ये खरा अधिकार म्हादूमामांचा होता. हुद्दा प्रयोगशाळा परिचराचा, शिक्षण दहावी नापास. तपासणीला लागणारी सगळी द्रावणं तेच तयार करायचे, बाटल्यांवर तारखा घालायचे, आणि तारीख उलटली की कुणाला न विचारता ओतून द्यायचे. पावडरीच्या बाटलीत कुणी ओला चमचा घातला तर त्या मुलाशी आठवडाभर बोलायचे नाहीत. नदीकाठी नेण्यापूर्वी मुलांना रांगेत उभं करून सांगायचे, "बाटलीत बुडबुडा ऱ्हायला तर तुमी नदी मोजत न्हाई, वारं मोजताय. वारं मोजायला गच्चीवर जावा."

बुडबुड्याचं एवढं महत्त्व का, ते सांगतो. पाण्यात प्राणवायू विरघळलेला असतो, त्यावर मासे जगतात. तो किती आहे हे बघण्यासाठी नदीकाठीच बाटली काठोकाठ भरायची आणि तिथंच दोन द्रावणं घालायची. प्राणवायू असेल तर बाटलीत तपकिरी गाळ धरतो. नसेल तर गाळ पांढरा राहतो. पुढचं आकड्यांचं काम प्रयोगशाळेत येऊन करायचं असतं, पण मुख्य निकाल नदीकाठीच डोळ्यांना दिसतो. तपकिरी म्हणजे पाणी जिवंत. पांढरा म्हणजे संपलं. इतकं सोपं आहे ते.

वीसेक वर्षांपूर्वी सुरेखा नावाची मुलगी आमच्या शेवटच्या वर्षाला होती. माण तालुक्यातली, दहिवडीच्या पुढच्या एका गावची. आई मेंढरं राखायची, वडील मुंबईच्या बाजारात पोती उतरवायचे. घराण्यात पदवीपर्यंत आलेली ती पहिलीच. तिचं अक्षर छापल्यासारखं होतं आणि नोंदवहीत ती कधी खाडाखोड करत नसे. चूक झाली तर पूर्ण पान पुन्हा लिहायची. बोलायची कमी. नदीच्या एका टप्प्यावर पाच ठिकाणचं पाणी तपासायचं, हा तिच्या प्रबंधाचा विषय मीच दिला होता. त्या ठिकाणांना आम्ही केंद्रं म्हणायचो. पाचवं केंद्र एका नाल्याच्या तोंडाखाली होतं. त्या नाल्यात वरच्या बाजूच्या एका कारखान्याचं पाणी यायचं. कारखान्याचं नाव लिहीत नाही. मी लिहितोय ते माझ्याबद्दल.

एप्रिलमध्ये एका दुपारी ती थेट एसटी स्टँडवरून शेडमध्ये आली. दोन्ही हातांत रुमालात गुंडाळलेली बाटली होती. म्हणाली, "सर, पाचवर पांढरं आलंय."

मी बाटली उजेडात धरली. चुन्याच्या निवळीखाली असतो तसा स्वच्छ पांढरा गाळ.

आता माझी बाजू सांगतो. ती बाजू लंगडी आहे हे मला माहीत आहे. अभ्यासक्रमाला मुलं कमी होती. अशीच कमी राहिली तर तो बंद करावा लागेल, असं पत्र आलं होतं. त्याच महिन्यात त्या कारखान्यानं आपल्या प्रयोगशाळेसाठी आमची चार मुलं घ्यायचं कबूल केलं होतं. एकदम चार. पुढच्या जूनमध्ये बाकावर बसलेल्या पालकांना मला पहिल्यांदाच छातीठोकपणे सांगता आलं असतं की हे शिकून नोकरी लागते. कारखान्याचे एक अधिकारी निवडीसाठी येऊन गेले होते. चहा पिताना सहज म्हणाले की तुमच्या मुलांचे प्रबंध आम्ही आवर्जून वाचतो बरं का. एवढंच. धमकी नाही, विनंतीसुद्धा नाही. पुढचं सगळं मी माझ्या मनानं केलं.

मी सुरेखाला म्हणालो, द्रावण जुनं झालं असेल, नाहीतर घालताना तुझा हात चुकला असेल.

ती म्हणाली, "मी उद्या पुन्हा घेऊन येते सर."

नको, म्हणालो. सोमवारी प्रबंध द्यायचाय, वेळ नाही. खरी भीती अशी होती की ती उद्या पुन्हा पांढरीच बाटली आणील.

त्या संध्याकाळी मी खोली बंद करायच्या बेतात होतो तेव्हा म्हादूमामा आत आले. त्यांच्या हातात एक बाटली होती. सुरेखानं नेलेल्या त्याच द्रावणांनी त्यांनी आमच्या नळाचं पाणी तपासलं होतं. बाटलीत तपकिरी गाळ होता. द्रावण उत्तम होतं. त्यांनी ती बाटली माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "सर, द्रावण मी परवाच केल्यालं हाय." मग निघून गेले.

मी एका वाक्यात दोन माणसांचं काम खोटं ठरवलं होतं. मामांची बाटली मी बेसिनमध्ये ओतली. सुरेखाच्या प्रबंधात केंद्र क्रमांक पाचच्या रकान्यात माझ्या सांगण्यावरून तिनं तिच्या त्या सुरेख अक्षरात लिहिलं: नमुना सदोष, वगळला. खाली मार्गदर्शक म्हणून माझी सही.

चौघांना नोकऱ्या लागल्या. अभ्यासक्रम वाचला. जूनमध्ये बाक भरला.

एक खोटं बोललं की त्याच्याशी जुळवून घेत राहावं लागतं. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत सुरेखाची निवड जवळजवळ झाली होती. तिथल्या प्रमुखांनी मला फोन करून विचारलं, मुलगी कशी आहे? तिचा प्रबंध त्यांच्यापुढं होता, त्यातलं ते वाक्यही. मी म्हणालो, मेहनती आहे, पण नमुने घेण्यात हात अजून बसायचाय. तिला घेतलं नाही.

पंधरा दिवसांनी तिचे वडील आले. सुट्टी काढून मुंबईहून गावी, गावाहून सांगलीला. पायजमा, पांढरा सदरा, हातात डाळिंबांची पिशवी. बस म्हटलं तरी बसेनात. म्हणाले, "आवं सर, पोरगी म्हंती माझ्या हातनं चुकलं. चुकलं आसंल तर पुन्यांदा करून घ्या की तिच्याकडनं. ती करती. लय चिवट हाय." आणि त्यांनी माझ्यापुढं हात जोडले. मी म्हणालो, आता निकाल लागला, पण काळजी करू नका, मुलगी हुशार आहे. त्यांनी माझे आभार मानले आणि पिशवी ठेवून गेले.

त्यानंतर मी चांगला शिक्षक झालो, असं माझे विद्यार्थी म्हणतात. असेनही. प्रत्येक मुलाची नोंदवही मी स्वतः तपासायचो. त्या कारखान्याकडे पुन्हा मुलं पाठवली नाहीत, पण त्याचं कारण कुणालाच सांगितलं नाही. निवृत्तीच्या समारंभात मला शाल दिली, मुलं रडली, कुणीतरी मला नदीचा राखणदार म्हटलं. म्हादूमामा मागच्या खुर्चीवर बसले होते. ते माझ्या आधीच निवृत्त झाले होते, खास मिरजेहून आले होते. जाताना माझ्या हातात हात देऊन म्हणाले, "चांगलं केलंसा सर, लय पोरं नोकरीला लावलीसा." त्यांच्या बोलण्यात कुत्सितपणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. तीन वर्षांनी ते गेले. त्यांची माफी मागायची राहिली. ती आता कुठंही मागता येत नाही, म्हणून इथं मागतो.

यंदाच्या उन्हाळ्यात विभागप्रमुखांनी मला फोन केला. त्या माझ्याच विद्यार्थिनी. म्हणाल्या, सर, आपली मुलं आता दरवर्षी महिनाभर माणमध्ये प्रत्यक्ष कामाला जातात, एकदा बघायला चला. आमचीच एक माजी विद्यार्थिनी तिथल्या संस्थेत पाण्याचं काम बघते. तिच्याकडून परत आलेल्या मुलांना कुठल्याही मुलाखतीत अडचण येत नाही. नाव ऐकल्यावर नाही म्हणावंसं वाटलं. पण गेलो.

सुरेखाची आता चाळिशी उलटली आहे. केस पांढरे व्हायला लागलेत, डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली. काही वर्षं हायस्कुलात शिकवून ती या कामात आली होती. मला वाकून नमस्कार केला आणि लगेच मुलांकडे वळली. दिवसभर मी तिचं शिकवणं बघत होतो. विहिरीचं पाणी किती खोल गेलंय हे मोजायच्या आधी ती मुलांना मालकाशी दहा मिनिटं गप्पा मारायला लावायची. मेंढपाळ बायकांना विचारायला लावायची की मेंढरं कुठल्या डबक्याला तोंड लावत नाहीत, मग त्या डबक्याचं पाणी तपासायला घ्यायची. वर्गात बसवून मी जे सहा महिन्यांत शिकवायचो ते ही चार दिवसांत शिकवत होती. मला आनंद होत होता, आणि तो होऊ देण्याचा हक्क आपल्याला नाही हेही कळत होतं.

एक गोष्ट मात्र मला समजेना. प्रत्येक विहिरीतून ती तीन बाटल्या भरायला लावायची, आणि तिन्ही स्वतंत्र तपासायला. साध्या क्षारांच्या तपासणीला एवढ्याची गरज नसते. बाटल्या वाहून मुलांचे खांदे मोडले होते. एक मुलगा मला हळूच म्हणाला, "सर, तुम्ही सांगा ना मॅडमना. एका विहिरीचं तीनदा लग्न लावतात."

दुपारी मुलं जेवायला गेली. आम्ही दोघं विहिरीच्या कडेला लिंबाखाली बसलो होतो. मी तिला हसत हसतच विचारलं, तीन कशाला गं?

ती सहज म्हणाली, "एकदा माझ्या हातून चुकलं होतं ना सर. पाच नंबरला. तुम्हीच सांगितलेलं. तेव्हापासून एका बाटलीवर माझा विश्वास बसत नाही."

वीस वर्षं हा संशय. प्रत्येक विहिरीवर तीन बाटल्या.

मी तिला सगळं सांगितलं. अधिकाऱ्याचा चहा, मामांची तपकिरी बाटली, पुण्याचा फोन. काही झाकलं नाही. ती हातातल्या बाटलीचं बूच काढत होती, लावत होती. मग म्हणाली, "पुस्तकात बघितलं होतं मी. चार-पाच वेळा. पांढरं म्हणजे काय ते स्पष्ट लिहिलंय. पण मग वाटायचं, सरांना माहीत नसेल होय?"



"आबांना सांगा," ती उठत म्हणाली. "घरी आहेत. जवळच आहे घर."

तिचे वडील अंगणात बाजेवर बसले होते. मुंबई सोडून त्यांना आठ-दहा वर्षं झाली होती. पोत्यांनी वाकलेली पाठ तशीच राहिली होती. मी त्यांना माझी ओळख सांगितली. त्यांनी मला आधीच ओळखलं होतं. सुरेखा दारात उभी राहिली. मी सरळ सांगितलं की तुमच्या मुलीचं चुकलं नव्हतं, ती बरोबर होती, खोटं मी बोललो.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. दोनदा विचारून खात्री करून घेतली की पोरगी बरोबर होती, असंच मी म्हणतोय. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आवं सर, मग मी तुमच्याम्होरं हात कशापायी जोडलं व्हतं?"

चिडून नव्हते विचारत. त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं. सुरेखाच्या आईंनी चहा आणला, तो आम्ही सगळ्यांनी प्यायला. निघताना कुणीही पुन्हा या असं म्हटलं नाही. सुरेखा गाडीपर्यंत आली आणि तशीच मागं फिरली. ते मला योग्यच वाटलं.

आठ दिवसांनी तिचा फोन आला. नमस्कार-चमत्कार न करता तिनं सांगितलं की दोन कामं करायची. एक म्हणजे हे सगळं लिहायचं, छापायचं. "आणि नाव माझंच घाला. वगळलं तेव्हा प्रबंधावर माझंच नाव होतं. म्हादूमामांचंही घाला." दुसरं, पुढच्या तुकडीची मुलं आली की मी माणला यायचं आणि ही गोष्ट त्यांना सांगायची. ती म्हणाली, "मी नाही सांगणार. तुम्ही सांगायची. नोकरीला लागणाऱ्या पोरांना हे कुणी शिकवत नाही."

पहिलं काम इथं करतो आहे. माझ्या विद्यार्थिनीच्या, सुरेखाच्या, प्रबंधातलं केंद्र क्रमांक पाचचं वाचन बरोबर होतं. त्या दिवशी त्या पाण्यात प्राणवायू नव्हता. नमुना घेण्यात तिची चूक नव्हती. म्हादूमामांनी केलेलं द्रावण निर्दोष होतं. वाचन वगळण्याचा निर्णय माझा होता, आणि तो घेताना मला खरं काय ते माहीत होतं. याच मजकुराचं सही केलेलं पत्र मी विभागात दिलं आहे. ते ग्रंथालयातल्या प्रबंधात त्या पानाला जोडलं आहे. मी स्वतः जाऊन पाहिलं.

दुसऱ्या कामासाठी पावसाळा संपता संपता गेलो. संस्थेच्या ओसरीवर चौदा मुलं बसली होती. मी उभं राहून सांगायला सुरुवात केली. मध्येच सुरेखानंच खुर्ची आणून ठेवली. मुलांनी मला सोडलं नाही. एकानं विचारलं, त्या चौघांना हे माहीत आहे का? मी म्हणालो, आता कळेल. त्यांची यात काही चूक नाही, ती आपल्या गुणांवर लागली होती. दुसऱ्यानं विचारलं, अभ्यासक्रम बंद पडला असता तर आज आम्ही इथं नसतो, मग तुम्ही केलं ते थोडं तरी बरोबर नाही का? हा प्रश्न मी स्वतःला वीस वर्षं विचारला होता आणि दरवेळी हो म्हणून झोपलो होतो. त्या ओसरीवर, सुरेखा समोर असताना, हो म्हणता आलं नाही. मी म्हणालो, अभ्यासक्रम वाचवायचे आणखी रस्ते असतील. मी शोधले नाहीत. हा जवळचा होता.

मग मिरजेची एक मुलगी उठली. तिला दिवाळीनंतर एका कारखान्यात रुजू व्हायचं होतं. ती म्हणाली, "सर, तुम्ही एवढे मोठे असून घाबरलात. मला तर लागून महिना झालेला असेल. साहेबांनी असंच वगळायला सांगितलं, तर मी काय करायचं?"

कायदा काय म्हणतो, तक्रार कुठं करायची, असं काहीतरी मी मनात जुळवत होतो. सगळं खरं होतं, आणि त्यातलं काहीच त्या मुलीच्या उपयोगाचं नव्हतं, हे बोलायच्या आधीच मला कळत होतं.

मागून सुरेखा म्हणाली, "मला फोन करायचा. त्याच दिवशी. मी येते."

मुलांनी वह्या काढल्या आणि तिचा नंबर लिहून घेतला. एकतीस वर्षं मी पोरांना नोकरीसाठी तयार केलं. एवढंसं वाक्य मला एकदाही बोलता आलं नव्हतं. ते माझ्या विद्यार्थिनीच्या तोंडून ऐकायला मिळालं, याबद्दल मी तिचा ऋणी आहे.